डायल-अप तुटल्यावर आपोआप परत जोडलं जात नसेल तर काय करायचं

डायल-अपची, म्हणजे फोनच्या तारेवरून मॉडेम नावाच्या यंत्रानं जोडलेल्या इंटरनेटची लाइन अधूनमधून तुटणारच. फोनच्या तारेत खरखर वाढली, दुसऱ्या खोलीतला पॅरलल फोन कुणी उचलला, कॉल वेटिंगचा बीप मध्येच वाजला, की दोन मॉडेमांमधलं बोलणं खंडित होतं. त्यावर उपाय आहेत, पण ते दर वेळी चालतीलच असं नाही. तुटल्यानंतर कॉम्प्युटरनं स्वतःहून पुन्हा फोन लावणं ही गोष्ट मात्र बरीचशी आपल्या हातात आहे. मोठी फाइल उतरवायला लावून झोपायचं आणि सकाळी बघायचं तर लाइन रात्रीच गेलेली, त्यानंतर काहीच घडलेलं नाही, ही वेळ टाळता येते. ज्यांचं यंत्र अशा ठिकाणी आहे जिथे फोनच्या तारेशिवाय दुसरं काही पोचत नाही आणि जवळ माणूसही नाही, त्यांच्यासाठी तर हे नीट बसवणं फारच गरजेचं आहे.

खालची उदाहरणं मुख्यतः विंडोजची आहेत. एक्सपीपासून पुढच्या आवृत्त्यांत खिडक्यांची रचना थोडी बदलली, पण पर्यायांची नावं बहुतेक तीच राहिली. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

आधी एवढं समजून घ्या

आपोआप परत जोडलं जाणं हे बाहेरून एकच काम दिसतं, पण आत तीन कामं असतात. पहिलं, लाइन तुटली आहे हे कॉम्प्युटरला कळणं. दुसरं, मॉडेमनं फोन नीट खाली ठेवून लाइन मोकळी करणं. तिसरं, पुन्हा नंबर लावून, नाव आणि पासवर्ड देऊन आत शिरणं.

बहुतेक जण थेट तिसऱ्या कामाकडे वळतात. रिडायलचा, म्हणजे पुन्हा फोन लावण्याच्या प्रयत्नांचा आकडा वाढवतात, मधला वेळ कमी करतात, आणि तरीही फरक पडला नाही की मॉडेम बदलायला निघतात. पण लाइन तुटल्याचं कॉम्प्युटरला कळलेलंच नसेल, तर रिडायलचा आकडा कितीही मोठा ठेवा, तो कधी वापरलाच जाणार नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी तीनपैकी कोणतं काम अडतंय ते शोधायचं.

पायरी १ : लाइन तुटताना प्रत्यक्ष बघा

बाहेरून जोडायचा, दिव्यांचा मॉडेम असेल तर तुमचं निम्मं काम सोपं झालं. त्याच्या पुढच्या पट्टीवर छोट्या दिव्यांखाली दोन-दोन अक्षरं लिहिलेली असतात. त्यातले तीन दिवे आपल्या कामाचे. ओएच म्हणजे मॉडेमनं फोन उचललेला आहे. सीडी म्हणजे पलीकडच्या मॉडेमचा सूर ऐकू येतो आहे. टीआर किंवा डीटीआर म्हणजे कॉम्प्युटर मॉडेमशी बोलायला तयार आहे.

आता नेहमीप्रमाणे कनेक्शन जोडा, एखादं पान उघडून ते चालतंय याची खात्री करा, आणि मॉडेममधून फोनची तार सरळ उपसून काढा. नजर दिव्यांवर ठेवा.

सगळं ठीक असेल तर दोन-तीन सेकंदांत सीडी विझतो, पाठोपाठ ओएच विझतो, आणि स्क्रीनवर कनेक्शन तुटल्याचा निरोप येतो. असं झालं तर पहिली दोन कामं बरोबर होत आहेत, अडचण पुन्हा फोन लावण्यात आहे. पायरी २ कडे जा.

तार काढूनही सीडी पेटलेलाच राहिला, तर मॉडेम कॉम्प्युटरला चुकीची बातमी देतो आहे. सीडी विझला पण ओएच तसाच राहिला, तर मॉडेम फोन खाली ठेवत नाही. या दोन्ही गोष्टी मॉडेमच्या आज्ञांशी निगडित आहेत, त्या पायरी ६ मध्ये पाहू. दोन्ही दिवे विझले आणि स्क्रीन तरीही 'जोडलेले आहे' म्हणत बसली, तर आधी मॉडेमचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरला मॉडेम चालवायला शिकवणारा प्रोग्राम) आणि मॉडेमला कॉम्प्युटरशी जोडणारी सीरियल केबल तपासा. साध्या अर्धवट केबलमध्ये सीडीची तारच नसते, आणि मग मॉडेमनं बरोबर सांगितलेलंही कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही.

कॉम्प्युटरच्या आत बसवलेल्या मॉडेमला दिवे नसतात. तिथे मॉडेमचा स्पीकर चालू ठेवा आणि लॉग वाचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉडेमवर डबल क्लिक करून डायग्नोस्टिक्स टॅब उघडला की 'व्ह्यू लॉग' बटण मिळतं. त्यात मॉडेमला काय आज्ञा गेली आणि त्यानं काय उत्तर दिलं हे वेळेसकट लिहिलेलं असतं. 'नो कॅरिअर' म्हणजे पलीकडचा सूर गेला किंवा मिळालाच नाही, 'बिझी' म्हणजे नंबर एंगेज, 'नो डायल टोन' म्हणजे फोन उचलल्यावर सूरच आला नाही. 'अपेंड टू लॉग'ची खूण लावून ठेवा, नाहीतर पुढच्या कॉलला आधीचा लॉग पुसला जातो आणि रात्री काय झालं ते सकाळी कळत नाही.

पायरी २ : एररचा आकडा लिहून घ्या

विंडोज जोडणी फसल्यावर तीन अंकी आकडा दाखवतं. खालचं वाक्य लोक वाचतात आणि आकडा सोडून देतात, पण नेमकी माहिती आकड्यात असते.

६८० म्हणजे डायल टोन नाही. ६७६ म्हणजे पलीकडे लाइन बिझी. ६७८ म्हणजे फोन लावला पण पलीकडून उत्तर आलं नाही. हे तिन्ही आकडे सांगतात की गाडं फोनच्या टप्प्यातच अडलं आहे, नाव-पासवर्डापर्यंत गोष्ट गेलेलीच नाही.

६३३ म्हणजे मॉडेम दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे किंवा तो नीट बसवलेला नाही. लाइन तुटल्यानंतर पहिल्याच प्रयत्नाला ६३३ आला, तर आधीच्या कॉलनं पोर्ट, म्हणजे कॉम्प्युटरचं मॉडेमशी बोलायचं दार, सोडलेलं नाही असं समजा. फॅक्स घेण्यासाठी वाट बघत बसलेला एखादा प्रोग्राम हे त्याचं नेहमीचं कारण. तो बंद करून बघा. बाहेरचा मॉडेम असेल तर वीज बंद करा, पंधराएक सेकंद थांबा आणि परत सुरू करा. फरक पडला तर मॉडेमच अडकत होता.

६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड नाकारला. ७१८ म्हणजे फोन जोडला गेला, मॉडेम एकमेकांना भेटले, पण पुढच्या पीपीपी बोलणीत, म्हणजे फोनवरून इंटरनेट जोडण्याचे नियम ठरवताना, पलीकडून वेळेत उत्तर आलं नाही. ६१९ मध्ये पोर्ट मध्येच बंद झालेला असतो. त्याची कारणं बरीच असू शकतात, म्हणून ६१९ आला की लॉग उघडायचा.

लाइन स्वतःच्या यंत्रावर कशी संपली याचाही आकडा नव्या विंडोजमध्ये मिळतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ॲप्लिकेशन लॉगमध्ये 'रासक्लायंट' (RasClient) या स्रोताची २०२२६ क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात कारणाचा आकडा दिलेला असतो. ८२९ म्हणजे दुवा निसटला, म्हणजे लाइन खरंच गेली. ८२८ म्हणजे काही वेळ काम नव्हतं म्हणून कॉम्प्युटरनंच फोन ठेवला. ६३१ म्हणजे वापरणाऱ्यानं किंवा त्याच्या वतीनं एखाद्या प्रोग्रामनं तोडला. नवख्या माणसाला या तीन आकड्यांनी जेवढा उलगडा होतो तेवढा दुसऱ्या कशानंही होत नाही, म्हणून ही नोंद न चुकता बघा.

पायरी ३ : रिडायलच्या खुणा आणि त्यामागची सर्व्हिस

नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत आपल्या डायल-अपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ऑप्शन्स टॅबवर या. इथे 'रिडायल अटेम्प्ट्स', 'टाइम बिटवीन रिडायल अटेम्प्ट्स', 'आयडल टाइम बिफोर हँगिंग अप' आणि 'रिडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड' असे पर्याय दिसतील.

नवखे इथे एक गल्लत करतात. 'रिडायल अटेम्प्ट्स' हा आकडा फोन लावायला सुरुवात झाल्यानंतरचा आहे. तुटलेली लाइन पुन्हा जोडायला सुरुवातच करायची की नाही, हे शेवटची खूण ठरवते. ती नसेल तर वरचा आकडा ५० ठेवला तरी तुटल्यावर शांतताच.

खूण आहे आणि तरीही काही होत नाही? मग सर्व्हिसेसची, म्हणजे विंडोजमध्ये पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडा आणि 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' शोधा. तुटलेली लाइन पुन्हा लावण्याचं काम ही सर्व्हिस करते. ती बंद असेल तर खूण नुसती दिसायला असते, आणि याबद्दल विंडोज अवाक्षर काढत नाही. स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा आणि तिथेच 'स्टार्ट' दाबा. कॉम्प्युटर वेगवान करण्याच्या नादात नको त्या सर्व्हिस बंद करण्याचे सल्ले सगळीकडे मिळतात, आणि त्या यादीत हिचं नाव हमखास असतं. डायल-अप वापरणाऱ्यानं तो सल्ला मानू नये.

नावात जवळजवळ सारखी आणखी एक सर्व्हिस आहे, 'रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजर'. तीही चालू हवी, आणि 'टेलिफोनी'सुद्धा.

एखाद्या प्रोग्रामला इंटरनेट हवं झालं की फोन आपोआप लागावा असं वाटत असेल, तर इंटरनेट ऑप्शन्समधला कनेक्शन्स टॅबही बघा. 'नेव्हर डायल अ कनेक्शन' निवडलेलं असेल तर ते बदला. 'डायल व्हेनेव्हर अ नेटवर्क कनेक्शन इज नॉट प्रेझेंट' हा पर्याय ऐकायला बरोबर वाटतो, पण त्याच कॉम्प्युटरला घरातल्या दुसऱ्या यंत्राशी जोडणारी नेटवर्क केबल असेल, तर विंडोज 'नेटवर्क तर आहेच' असं समजून फोन लावत नाही. अशा वेळी 'ऑलवेज डायल माय डिफॉल्ट कनेक्शन' निवडा आणि आपलं कनेक्शन डिफॉल्ट केलेलं आहे ना ते बघा.

पायरी ४ : मध्येच माणसाची वाट बघणारी खिडकी

कित्येकदा कॉम्प्युटर फोन लावायला निघालेला असतो, पण स्क्रीनवर नाव-पासवर्डाची खिडकी उघडून कुणीतरी 'डायल' दाबेल म्हणून थांबलेला असतो. त्याच ऑप्शन्स टॅबवर 'प्रॉम्प्ट फॉर नेम अँड पासवर्ड' आणि 'प्रॉम्प्ट फॉर फोन नंबर' या दोन्ही खुणा काढून टाका. त्याआधी एकदा हातानं जोडताना पासवर्ड सेव्ह करण्याची खूण लावा. तिथे 'मी ओन्ली' आणि 'एनीवन हू यूझेस धिस कॉम्प्युटर' असे दोन पर्याय येतात. यंत्र सतत एकाच खात्यात चालू राहत असेल तर पहिला पुरे. कुणी लॉग-इन नसतानाही जोडणी व्हायला हवी असेल तर दुसरा घ्या, पण मग त्या यंत्रावर बसणारा कुणीही तुमच्या नावानं जोडू शकेल हे लक्षात असू द्या.

पायरी ५ : घाई कमी करा

या पायरीवर मी थोडं रेंगाळणार आहे, कारण 'कधी आपोआप जोडतं, कधी नाही' या तक्रारीचं मूळ मला सगळ्यात जास्त इथे दिसतं.

लाइन अचानक तुटते तेव्हा आपल्या बाजूला ती लगेच तुटलेली असते, पण सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूला तशी नोंद व्हायला वेळ लागू शकतो. तिथे फोन उचलणारं यंत्र वेगळं आणि कोण आत आहे, किती वेळ आहे याचा हिशेब ठेवणारं यंत्र वेगळं असतं. पहिलं यंत्र दुसऱ्याला 'हा ग्राहक गेला' असा निरोप पाठवतं. तो निरोप उशिरा पोचला किंवा वाटेत हरवला, तर हिशेबात तुम्ही अजून आतच आहात. वसतिगृहाच्या वहीत बाहेर जाताना सही करायची राहिली की परतल्यावर फाटकावर अडवतात, तसाच हा प्रकार. एका खात्याला एका वेळी एकच जोडणी असा नियम बहुतेक कंपन्यांचा असतो, म्हणून तुमचा दुसरा कॉल नाकारला जातो.

नाकारताना तुम्हाला 'आधीच आत आहात' असं सहसा कळवलं जात नाही. ६९१ येतो, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. आणि ६९१ आला की विंडोज पुढचे प्रयत्न करत बसत नाही, पासवर्ड नव्यानं विचारणारी खिडकी उघडतं आणि थांबतं. म्हणजे रिडायलमधला वेळ ५ सेकंद ठेवणारा माणूस पहिल्याच प्रयत्नात स्वतःची वाट अडवून बसतो.

हे तुमच्या बाबतीत घडतंय का ते तपासणं सोपं आहे. लाइन तुटल्यावर लगेच हातानं जोडा. ६९१ आला तर काहीही न बदलता पाच मिनिटं थांबा आणि तोच पासवर्ड तसाच ठेवून परत जोडा. या वेळी आत गेलात, तर पासवर्ड बरोबर आहे आणि मधला वेळ कमी पडतो आहे.

'टाइम बिटवीन रिडायल अटेम्प्ट्स' मी निदान १ मिनिट ठेवेन, अशी अडचण दिसली तर २ मिनिटं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ५. मात्र विंडोज हा वेळ प्रयत्नांच्या मध्ये थांबतं, तुटल्यानंतरचा पहिला प्रयत्न लवकरच होऊ शकतो. तो पहिलाच प्रयत्न ६९१ वर अडकत असेल तर पायरी ८ मधला उपाय जास्त उपयोगी पडेल, कारण तिथे तुटल्यानंतर किती थांबायचं ते आपण ठरवतो.

प्रयत्नांच्या आकड्याचाही हिशेब करा. ३ प्रयत्न आणि मध्ये १ मिनिट म्हणजे पाचेक मिनिटांत सगळं संपलं. वादळात लाइन अर्धा तास गेली तर तिसऱ्या प्रयत्नानंतर कॉम्प्युटर कायमचा गप्प. ३० प्रयत्न आणि मध्ये २ मिनिटं ठेवली तर तासाभराची अडचण तो स्वतः निभावून नेतो.

घाईचा दुसरा तोटा मॉडेमच्या बाजूचा आहे. तोच नंबर पुन्हा पुन्हा लावून एक्सचेंजला त्रास होऊ नये म्हणून काही देशांच्या दूरसंचार नियमांनुसार मॉडेमातच मर्यादा घातलेली असते. लागोपाठ काही कॉल फसले की मॉडेम तो नंबर काही काळ लावायलाच नकार देतो, आणि लॉगमध्ये 'डिलेड' किंवा 'ब्लॅकलिस्टेड' असं उत्तर दिसतं. हे दिसलं की मॉडेम बिघडला असं समजू नका. तो बंद करून सुरू करा आणि मधला वेळ वाढवा.

तिसरा तोटा पैशांचा. पलीकडच्या मॉडेमनं फोन उचलला की कॉल झाला, मग पासवर्ड मान्य होवो वा न होवो. प्रत्येक कॉलचे वेगळे पैसे लागत असतील तर रात्रभर दर पाच सेकंदांनी फसणारे प्रयत्न बिलात दिसतात. याच कारणानं प्रॉपर्टीजमधला फोन नंबर तुमचाच आहे ना, हेही एकदा वाचून खात्री करा. महागडे नंबर गुपचूप भरून ठेवणारे उपद्रवी प्रोग्राम डायल-अपच्या जगात जुनेच आहेत.

पायरी ६ : मॉडेमला समजावणं

पायरी १ मध्ये सीडी विझला नसेल किंवा ओएच पेटलेला राहिला असेल त्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

मॉडेमला एटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा कळतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉडेमच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर 'एक्स्ट्रा इनिशिअलायझेशन कमांड्स' अशी रिकामी जागा असते. तिथे लिहिलेली आज्ञा प्रत्येक कॉलच्या आधी मॉडेमला जाते.

सीडीचा खरेपणा अँपरसँड सी (&C) या आज्ञेवर ठरतो. तिच्यापुढे शून्य असेल तर मॉडेम सीडी कायम पेटता ठेवतो, पलीकडे कुणी असो वा नसो. १ असेल तर खरी परिस्थिती सांगतो. आपल्याला १ हवा. तसंच अँपरसँड डी (&D) पुढे २ असेल, तर कॉम्प्युटरनं डीटीआरचा इशारा काढून घेताच मॉडेम फोन खाली ठेवतो. शून्य असेल तर तो इशारा मॉडेम मनावरच घेत नाही, आणि ओएच पेटलेला राहतो.

तिसरी जागा म्हणजे एस१० (S10) हा रजिस्टर, मॉडेममधली एक आकडा साठवायची जागा. पलीकडचा सूर गेल्यावर मॉडेमनं किती वेळ धीर धरायचा हे तो सांगतो, सेकंदाच्या दहाव्या भागात. बऱ्याच मॉडेमांत तो १४ असतो, म्हणजे १.४ सेकंद. तो ५० केला तर मॉडेम पाच सेकंद धीर धरतो आणि कॉल वेटिंगच्या बीपसारखा छोटा अडथळा कदाचित पचवून टाकतो. मात्र २५५ कधीही ठेवू नका. अनेक मॉडेमांत त्याचा अर्थ 'सूर गेला तरी फोन खाली ठेवूच नको' असा होतो, आणि मग लाइन तुटल्याचं कुणालाच कळत नाही.

डायल टोनची एक खास अडचण आहे. व्हॉइसमेलमध्ये निरोप पडून असला की काही एक्सचेंज सलग सुराऐवजी तुटक सूर देतात. माणसाला तो ओळखू येतो, मॉडेमला येत नाही, आणि तो ६८० दाखवून थांबतो. मॉडेम टॅबवरची 'वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग' ही खूण काढा, किंवा एक्स३ (X3) ही आज्ञा द्या. त्यानं मॉडेम डायल टोनची वाट बघत नाही, पण बिझीचा सूर मात्र ओळखतो. नंबरच्या आधी स्वल्पविराम घातला तर तो साधारण दोन सेकंद थांबून मग आकडे फिरवतो, तेवढ्यात तुटक सूर संपलेलाही असतो.

पायरी ७ : कुणी मुद्दाम तर तोडत नाही ना?

इव्हेंटमध्ये ८२८ दिसला, किंवा लाइन नेमक्या ठरावीक वेळानं जाते असं लक्षात आलं, तर ती तुटत नाही, तोडली जाते. कॉम्प्युटरनं स्वतः फोन ठेवला तर त्याच्या लेखी ती 'ड्रॉप' झालेली लाइन नव्हेच, त्यामुळे रिडायलची खूणही कामी येत नाही.

काम नसताना फोन ठेवण्याची सोय विंडोजमध्ये तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहे, म्हणून एक बंद करून भागत नाही. एक वर सांगितलेल्या ऑप्शन्स टॅबवर, 'आयडल टाइम बिफोर हँगिंग अप'. तिथे 'नेव्हर' करा. दुसरी इंटरनेट ऑप्शन्समध्ये, कनेक्शन्स, मग सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड. तिथे 'डिस्कनेक्ट इफ आयडल' आणि 'डिस्कनेक्ट व्हेन कनेक्शन मे नो लाँगर बी नीडेड' या दोन्ही खुणा काढा. दुसऱ्या खुणेमुळे ब्राउझर बंद केला की लाइनही बंद होते. तिसरी जागा डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉडेमच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर, 'चेंज डिफॉल्ट प्रेफरन्सेस'च्या मागे. ही सापडत नाही म्हणून लोक हैराण होतात. तिथे 'डिस्कनेक्ट अ कॉल इफ आयडल' असेल तर काढा.

तिथेच 'कॅन्सल द कॉल इफ नॉट कनेक्टेड विदिन' अशी सेकंदांची जागा असते. ती ६० पेक्षा कमी ठेवू नका. खराब लाइनवर मॉडेमांची सुरुवातीची किरकिर लांबते, आणि वेळ कमी असेल तर जुळत आलेली जोडणी आपणच मोडतो.

वीज वाचवण्याची सोय याच जातीची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉडेमच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर कॉम्प्युटरला हे यंत्र बंद करायची परवानगी असेल तर ती काढून घ्या. यूएसबी मॉडेमला याचा जास्त त्रास होतो. कॉम्प्युटर झोपी गेला की फोन कोण लावणार, म्हणून स्लीपही बंद हवी.

एवढं करूनही लाइन दर काही तासांनी, घड्याळ लावल्यासारखी जात असेल, तर कंपनीनंच एका बैठकीची मर्यादा ठरवलेली असण्याची शक्यता मोठी. ती आपण बदलू शकत नाही. ती किती तासांची आहे हे विचारून घ्या.

पायरी ८ : विंडोज ऐकतच नसेल तेव्हा

टास्क शेड्युलर वापरून पुन्हा जोडण्याचं काम आपणच बांधून देऊ शकतो. नवीन टास्क तयार करा, ट्रिगर 'ऑन ॲन इव्हेंट' निवडा, लॉग ॲप्लिकेशन, स्रोत रासक्लायंट, क्रमांक २०२२६. त्याच खिडकीत 'डिले टास्क फॉर' मध्ये २ मिनिटं ठेवा. ॲक्शनमध्ये रासडायल (rasdial) ही विंडोजची फोन लावायची आज्ञा द्या. तिच्यापुढे अवतरणचिन्हांत कनेक्शनचं नाव, मग युजरनेम, मग पासवर्ड, मध्ये एकेक जागा सोडून. पासवर्ड इथे उघडा लिहिला जातो, म्हणून हे यंत्र इतरांच्या हातात असेल तर हा मार्ग टाळा.

याची एक मर्यादा आहे. रासडायलचा एखादा प्रयत्न फसला तर नवीन २०२२६ येणार नाही, कारण जोडणी झालेलीच नसल्यामुळे ती तुटणारही नाही. म्हणून त्याच टास्कला दर १५ मिनिटांनी चालणारा दुसरा ट्रिगरही द्या. जोडणी आधीच चालू असेल तर रासडायल तसं सांगून गप्प बसतो, काही मोडत नाही. मात्र हा टास्क ठेवायचा तर पायरी ३ मधली 'रिडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड' ही खूण काढा. दोघांनी एकाच वेळी मॉडेम मागितला की ६३३ आलाच. आणि आपल्याला मुद्दाम लाइन बंद ठेवायची असेल तेव्हा टास्कही बंद करायला विसरू नका, कारण हाताने तोडल्यावरही तीच नोंद होते.

लिनक्सवर

लिनक्समध्ये हे सगळं पीपीपीडी या प्रोग्रामच्या पर्यायांत आहे, आणि मला ही व्यवस्था विंडोजपेक्षा जास्त स्पष्ट वाटते. 'पर्सिस्ट' लिहिलं की तुटल्यावर पीपीपीडी बाहेर न पडता पुन्हा जोडायला लागतो. पण 'मॅक्सफेल' वेगळा दिला नाही तर लागोपाठ १० प्रयत्न फसल्यावर तो थांबतो. कायम प्रयत्न करत राहायला हवा असेल तर मॅक्सफेल शून्य ठेवा. 'होल्डऑफ' म्हणजे तुटल्यानंतर किती सेकंद थांबायचं. पायरी ५ आठवून तिथे १२० लिहा.

लाइन मेली आहे पण मॉडेमला कळलेलं नाही, अशा वेळी 'एलसीपी-इको-इंटरव्हल' आणि 'एलसीपी-इको-फेल्युअर' ही जोडी कामाची आहे. पहिला ३० आणि दुसरा ४ ठेवला तर पीपीपीडी दर ३० सेकंदांनी पलीकडे हाक मारतो, आणि लागोपाठ चार हाकांना उत्तर आलं नाही की लाइन तुटली असं ठरवतो. म्हणजे दोनएक मिनिटांत छडा लागतो. 'आयडल' हा पर्याय पर्सिस्टबरोबर वापरू नका, वापरायचाच तर 'डिमांड' (गरज पडेल तेव्हाच जोडणं) या पर्यायासकट. डब्ल्यूव्हीडायल हा फोन लावून देणारा प्रोग्राम वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'ऑटो रीकनेक्ट' बंद केलेलं नाही ना तेवढं बघा.

मॉडेमला नंबर लावायला सांगणाऱ्या चॅट स्क्रिप्टमध्ये बिझी आणि नो कॅरिअर या दोन्ही उत्तरांसाठी 'अबॉर्ट'च्या ओळी असायला हव्यात. नसतील तर प्रत्येक फसलेल्या कॉलला स्क्रिप्ट पूर्ण वेळ वाट बघत बसते.

शेवटची चाचणी

तार उपसण्याची चाचणी आता परत करायची, पण तीन प्रकारे. आधी तार काढून लगेच लावा आणि बघा. मग तार काढून दहा मिनिटं तशीच ठेवा, म्हणजे मधले फसलेले प्रयत्न तो कसे हाताळतो ते दिसेल. तिसऱ्या वेळी तार न काढता पॅरलल फोन उचलून काही सेकंद धरा. खऱ्या आयुष्यात लाइन अशीच तुटते, आणि या वेळी मॉडेम थोडा गोंधळतो. तिन्ही वेळा मध्ये कशालाही हात न लावता जोडणी परत आली तर यंत्र रात्रभर सोडायला हरकत नाही.

तिसऱ्या प्रकारात लाइन परत येते पण वारंवार तुटते, असं दिसलं तर मॉडेमचा वेग कमी करून बघा. ५६ केचा मॉडेम असला तरी खराब लाइनवर व्ही३४ या जुन्या, हळू पद्धतीवर, म्हणजे ३३.६ के किंवा त्याहून खाली धरून ठेवला, तर तो हळू पण टिकून राहतो. रात्रभर चालणाऱ्या कामाला मी वेगापेक्षा हेच निवडेन. शिवाय मॉडेम थेट भिंतीतल्या सॉकेटला, मधले स्प्लिटर आणि लांब वायरी काढून, एकदा लावून पाहा. तिथेही फोन उचलल्यावर कानाला खरखर ऐकू येत असेल तर तक्रार फोन कंपनीकडे करायची, आणि ती करताना इंटरनेटचं नाव न घेता 'बोलताना आवाजात खरखर आहे' असंच सांगा, म्हणजे लाइन तपासायला माणूस येतो. इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी बोलायचं झालं, तर तुटल्याची वेळ, एररचा आकडा आणि मॉडेम लॉगमधल्या त्या वेळच्या ओळी समोर ठेवून फोन करा.